फुगडीच्या मधोमध बसलेला माणूस

आमच्या शाळेत काळ्या रंगाला बंदी होती. बंदी सरकारची नव्हती, मुख्याध्यापकांचीही नव्हती. ती ड्रॉइंगच्या सरांची होती. जूनमध्ये मुलं नव्या रंगपेट्या घेऊन आली की सर बाकांमधून एक फेरी मारायचे, प्रत्येक पेटीतली काळी बाटली उचलायचे आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचे. मार्चमध्ये तशीच्या तशी परत. देताना म्हणायचे, "घे, आता घरी जाऊन हवं तेवढं तोंड काळं कर."

एकदा एक पालक तणतणत आले. मुलाने बापाचं चित्र काढलं होतं आणि बापाचे केस निळे रंगवले होते. सरांनी त्यांना खिडकीपाशी नेलं, डोकं उन्हात धरायला लावलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं, "मुलाचं बरोबर आहे. निळे आहेत. कानाजवळ थोडे तांबडे." तो बिचारा आदल्या दिवशीच कलप लावून आलेला. चोरी पकडल्यासारखा गप निघून गेला. सरांना यातलं काही कळलं नाही. ते आठवडाभर सांगत फिरले की पालकांची दृष्टी सुधारते आहे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सर निवृत्तीला आले होते. शाळा गोव्याच्या डिचोली तालुक्यातली, माझं माहेर पेडण्यात, हळर्णच्या पलीकडे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी लपवत नाही आणि सारखं सांगतही नाही, पण पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आपापल्या घराण्यातले डॉक्टर-वकील सांगितले तेव्हा मीही सांगितलं, की आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. ती मीच, माझ्या मागे कोणी नाही. सगळे कौतुकाने हसले. कोपऱ्यात सर उंडा खात बसले होते. ते म्हणाले, "मागे कोणी नाही ते बरं. मागचे लोक चित्रात फार गर्दी करतात."

त्या उंड्याचंही सांगायला हवं. पोदेर म्हणजे आमचा पाववाला, त्याच्याकडून सर रोज सकाळी दोन उंडे, कडक सालीचे गोल पाव, घ्यायचे. एक खायला आणि एक कामाला. कागदावर पाणी जास्त झालं की उंड्याचा मऊ गर तोडून हलकेच टेकवायचे, पाणी बरोब्बर तेवढंच उचललं जायचं. खोडरबर त्यांनी आयुष्यात वापरला नाही. मात्र दुपार झाली, बोलण्याची तंद्री लागली की कुठला उंडा कामाचा आणि कुठला खाण्याचा हे ते विसरत. हिरवे दात घेऊन नववीच्या वर्गावर गेलेले सर मी स्वतः पाहिलेत.

रंग ते दुकानातून आणायचे, पण तांबडा मात्र आणत नसत. शिरगावच्या वाटेवर खनिजाचे ट्रक जायचे त्या काळात त्यांनी कडेची तांबडी धूळ डबे भरभरून गोळा करून ठेवली होती. फडक्यातून गाळायची, डिंकात कालवायची, झाला रंग. लोक त्या धुळीच्या नावाने खोकत होते आणि सर म्हणत होते, असा तांबडा अख्ख्या युरोपात मिळायचा नाही.

त्यांना वेड होतं ते नाचणाऱ्या माणसांचं. मडकं, केळी, पुस्तकांचा ढीग हे परीक्षेपुरतं शिकवायचे आणि तेही कंटाळत. "मडकं काय पळून जातंय? उद्या काढा," म्हणून सगळ्या वर्गाला मैदानावर न्यायचे. तिथे मुली लंगडी खेळत असतील, लेझीम चाललं असेल, तर मुलांना समोर बसवायचे आणि अट घालायचे, की कागदाकडे बघायचं नाही. डोळे समोर, हात कागदावर. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाने काढलेलं पाहिलं तर ते भाजी करपल्यावर कढईच्या बुडाला उरतं तसं होतं. सर खूश. म्हणाले, "यात एक पाय आहे. शोधा."

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. फ्रान्समधल्या कुठल्याशा रंगमंचावर पांढऱ्या झिरझिरीत घागऱ्यातल्या मुली नाचताहेत, असं चित्र. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं बोलले. म्हटलं, सर, छपाई बिघडली आहे का? कोणाचं नाक नीट नाही, बोटं नाहीत, आणि कडेची मुलगी तर अर्धीच आली आहे, एक पाय आणि थोडा घागरा.

सरांनी खुर्ची ओढली आणि मला पाऊण तास बसवलं. माझा आठवीचा तास गेला. त्यांचं म्हणणं असं, की नाचणारी बाई आपल्याला कधी पूर्ण दिसतच नाही. आपण नाक बघायला जातो तोवर ती वळलेली असते. डोळ्याला सापडतो तो फक्त रंगाचा एक ओघळ, घागऱ्यावर आलेला दिव्याचा तुकडा, खांद्याची तिरकी रेघ. ज्यांनी हे चित्र काढलं ते तेवढंच काढतात, बाकीचं बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडतात. कडा पक्की काढली की ती कुंपण होते आणि बाई आत अडकून पडते. म्हणून कडा ओली ठेवायची, मागच्या पडद्याचा हिरवा तिच्या घागऱ्यात जरा शिरू द्यायचा, तिचा पांढरा पडद्यात सांडू द्यायचा. सावलीत काळा घालायचा नाही, जांभळा घालायचा, म्हणजे सावलीसुद्धा हलते. "आणि ही अर्धी मुलगी," त्या कडेच्या पायावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही अर्धी का? कारण ती निघून चालली आहे, बाय. तुझ्यासाठी थांबायला तिला वेळ नाही."

त्या दिवसापासून माझी गंमत झाली. रस्त्याने जाताना मी माणसांच्या कडा बघायला लागले. बसमधून उतरणारी बाई नाकडोळ्यांआधी पदराच्या झटक्यावरून ओळखू येते हे माझ्या लक्षात आलं. एम.ए.ला दोन वर्षं रसग्रहण शिकले, ते त्या कपाटाच्या दारापाशी पाऊण तासात कळलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मात्र सरांच्या या पद्धतीचा त्रास पुष्कळ लोकांना झाला. शाळेच्या समूहनृत्याला तालुक्यात बक्षीस मिळालं तेव्हा मुख्याध्यापकांनी वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी त्यांना चित्र काढायला सांगितलं. छापून आलं तर सगळं गुलाबी आणि पिवळं, मधे मधे कोपरं. एक आई अंक घेऊन शाळेत आली. माझी मुलगी यात कुठली ते दाखवा, म्हणाली. मुख्याध्यापक घाम पुसत सरांकडे बघायला लागले. सरांनी क्षणही न दवडता एका फराट्यावर बोट ठेवलं. "ही. दुसऱ्या कडव्याला घसरली ती." त्या आईने डोळे बारीक केले, अंक लांब धरला आणि मग एकदम हसायला लागली. मुलगी खरंच घसरली होती, आणि पडता पडता सावरली होती, तीच वाकडी कंबर. त्या आईने आणखी चार अंक मागून नेले.

मोबाईलचा त्यांना राग होता. एका डोळ्याचा प्राणी, म्हणायचे. कोणी नाचाचा फोटो दाखवायला लागलं की तोंड फिरवायचे. त्यातली बाई हवेत लटकलेली असते, तिला खाली कोण उतरवणार, असा त्यांचा सवाल.

आता आईचं सांगते.

माझी आई आमच्या वाड्यावरच्या फुगडी पथकाची म्होरकी. शिक्षण चौथी. दिवसभर शेतात, आणि श्रावण लागला की दुपारी तीननंतर तिच्यासकट अकरा बायकांचा आमच्या ओसरीत रिंगण धरून फुगडीचा सराव. गणपतीच्या चवथीला गावात आणि नंतर स्पर्धांना. तीस वर्षं ती नाचते आहे. घरात बक्षिसांच्या ढाली आहेत, फोटोही आहेत. पण फोटो नीट बघितले तर आई कशातच नाही. सगळीकडे बक्षीस देणारे, त्यांच्या बाजूचे, आणि बाजूच्यांच्या बाजूचे. मागे कुठेतरी नऊवारीचा काठ दिसतो, तो आमचा.

गावात देवळाला लागून नवा हॉल बांधला तेव्हा समितीने ठरवलं की मोठ्या भिंतीवर गावच्या फुगडीचं एक चित्र लावायचं. आईने मला फोन केला. एरवी ती काही मागत नाही. त्या दिवशी म्हणाली, "गो, तुज्या शाळेत कोण तरी चित्रां काढता मगे? एक डाव तरी आमची तोंडां भिंतीर दिसूंदी." मी शिकलेली, मी नोकरीवाली, मला हे जमवता येणार नाही तर मग काय उपयोग. मी सरांना विचारलं. आईला तोंड हवं आहे हेही सांगितलं. सरांनी फक्त फुगडी हा शब्द ऐकला आणि पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. ही चूक माझी, मी पुन्हा सांगायला हवं होतं. पण ते इतके आनंदले की माझ्याने बोलवेना.

त्यांची एकच अट, की रिंगणाच्या मध्ये बसू द्यायचं. बाहेरून बघितलं तर बायकांच्या पाठी दिसतात, वेग दिसत नाही.

बायका बिचकल्या. परका पुरुष, तोही मधोमध. शेवटी शेजारची काकी, जिची जीभ सगळ्या वाड्यात तिखट, तिने सरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. सर हाडकुळे, कान मात्र सुपाएवढे. ती म्हणाली, "बसूंदे. मदी गणपती बसयलो म्हणान समजया. कान तरी आसत." सर पाटावर जाऊन बसले आणि कागद मांडीवर घेतला. असे तीन रविवार ते स्कूटरने येत राहिले. बाहेर पाऊस, ओसरीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओला उजेड, अकरा बायका गोल फिरताहेत आणि मध्ये पाटावर सर, बायकांबरोबर तेही बुडावर गरगरा फिरताहेत, न बघता कागदावर हात चालवताहेत, कागद भरला की भिरकावून दुसरा घेताहेत. तिसऱ्या रविवारी त्यांना चक्कर आली. काकीने सोलकढी पाजली आणि म्हणाली, की देव घेरी येऊन पडल्याचं तिने प्रथमच बघितलं.

मोठं चित्र त्यांनी शाळेत काढलं, चित्रकलेच्या हॉलमध्ये, सुट्टीच्या दिवशी. आठ हात मांजरपाट भिंतीवर ताणलेला. मला बोलावून घेतलं, कशाला तर फुगडी म्हणायला. वेग विसरतो, म्हणाले, तू म्हण आणि टाळ्या वाजव. मी साडी नेसून, पदर खोचून दोन तास एकटी टाळ्या वाजवत आईची गाणी म्हणत होते. शाळेचा वॉचमन दारात येऊन उभा राहिला आणि थोड्या वेळाने तोही ठेका धरायला लागला. सर एका हातात दाढीचा ब्रश, दुसऱ्या हातात भिजवलेलं नारळाचं सोडण घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते. शिरगावची धूळ साड्यांत गेली, साड्या एकमेकींत गेल्या, जमिनीचा ओला उजेड पावलांत शिरला. हातांच्या जागी हात नव्हते, एकीच्या खांद्यातून निघालेली ओढ दुसरीच्या खांद्यात पोचत होती. मी गायची थांबले तेव्हा चित्रातल्या बायका थांबल्या नाहीत. मला भरून आलं. तोंडं नव्हती हे दिसलं, पण त्या घटकेला मला ते खटकलं नाही. खटकायला हवं होतं, कारण मी आईला शब्द दिला होता.

चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी चित्र हॉलमध्ये नेलं. समितीचे सेक्रेटरी होते, चार माणसं होती, आणि अकराच्या अकरा बायका कामं टाकून आल्या होत्या. दोघांनी धरून कापड उलगडलं.

बायका जवळ येऊन आपापलं तोंड शोधायला लागल्या. मग काकी पुढे झाली. "मास्तरानू, तीन आयतवार मदी बसान आमची तोंडां बघलात. ती खंय दवरलात?"

सर समजावायला लागले. ओली कडा, डोळ्याचा वेग, सगळं, पेडण्याच्या बोलीत, पेडण्यातल्याच चोपड्याचे ते, त्यांना बोलता येत होतं. नाचताना तोंड दिसत नाही हे ते सांगत होते आणि बायका ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, की चित्र छान आहे पण कोण कोण आहे ते खाली पाटीवर लिहून टाकू. सर म्हणाले, नावं लिहायची तर मतदार यादी लावा. वातावरण तापायला लागलं. मी आईकडे बघत होते. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होती, बोटाने एकेक बाई मोजत. दुसऱ्या टोकाला पोचली आणि थबकली. मागे वळली, पुन्हा बघितलं.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "ह्यो बायलो उलट्यो फिरतात."

आमच्याकडे फुगडीचं रिंगण प्रदक्षिणेसारखं फिरतं, मधला देव उजव्या हाताला ठेवून. उलटी फेरी घालतात ती फक्त चितेभोवती. हे कोणाला शिकवावं लागत नाही. आणि चित्र लागणार होतं ती भिंत देवळाची, तिच्या पलीकडे गाभारा. त्या भिंतीवर सरांच्या अकरा बायका देवाला डाव्या हाताला टाकून धावत होत्या.

सरांचं तोंड उतरलं. त्यांनी मधे बसून बघितलं होतं. रिंगणाच्या आतून समोरची बाई उजवीकडे पळताना दिसते, बाहेरून बघणाऱ्याला आपल्या जवळची डावीकडे. त्यांनी जे दिसलं तेच काढलं, अगदी प्रामाणिकपणे, आणि सगळी फुगडी मसणाच्या वाटेला लावली. मी दोन तास टाळ्या वाजवत त्याच चित्रासमोर उभी होते. मला नाही कळलं. लहानपणी याच रिंगणात नाचले, मग कॉलेज, मग नोकरी, आणि डोळा कधी विसरला ते समजलंही नाही. चौथी शिकलेल्या बाईला ते एका फेरीत कळलं.

तोंडांसाठी सर भांडले असते, संध्याकाळपर्यंत भांडले असते. यावर नाही. "चूक माझी आहे, वयनी," एवढंच म्हणाले आणि कापड गुंडाळायला वाकले. सुधारून आणतो असंही म्हणाले नाहीत. नाच संपला की त्या चित्राला पुन्हा हात लावायचा नाही हा त्यांचा नियम, आणि चवथ परवावर आली होती. मला वाटलं, हे आता कपाटात जाईल, काळ्या बाटल्यांच्या मागे, आणि सर परत कोणाला काही दाखवायचे नाहीत.

"थांबा मास्तर," आई म्हणाली. "परतां सोडा तां."

तिने बायकांना हात धरायला लावले, तिथेच, चप्पल काढून, चित्रासमोर. गाणं नाही, काही नाही, नुसतं रिंगण. एक फेरी, दोन फेऱ्या. आई फिरताना समोर बघत होती, आपल्या समोरून जाणाऱ्या बायकांकडे. मग मान वळवून चित्राकडे. पुन्हा समोर. तिसऱ्या फेरीला ती थांबली, धाप लागली होती.

"आमकां असांच दिसता," ती म्हणाली. "भायल्यांक न्हय. आमकां."

बाकीच्यांनीही बघितलं. काकीने कमरेवर हात ठेवून दोनदा समोर, दोनदा चित्रात बघितलं आणि काही टोमणा सापडला नाही म्हणून गप्प राहिली. ते पहिल्यांदाच घडलं असावं.

मग आईने निकाल दिला, शेतात पाण्याची पाळी लावावी तसा. हॉलमध्ये हे लागणार नाही, तिथे बसणारे बघे. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बायकांची साडी नेसायची खोली आहे, तिच्या मागच्या भिंतीवर लावायचं. त्या भिंतीवर लावलं की चित्रातल्या बायका देवळाकडे तोंड करून येतात आणि देव आपोआप उजव्या हाताला येतो. तिने हे हवेत हात फिरवून दाखवलं तेव्हा सेक्रेटरींना दोनदा विचारावं लागलं. सरांना एकदाच पुरलं. ते तिच्याकडे, मुलांकडे कधी बघत नसत इतक्या आदराने बघत राहिले.

"पण तोंडां नाय तां नाय," आई म्हणाली. "तां मी इसरूचंय नाय."

सर म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे, वयनी." दोघंही हसली नाहीत. दोघंही खरंच बोलत होती.

फोटोग्राफर आला. मोठ्या भिंतीवर फ्लेक्स लागला. चकचकीत, एकेक पापणी मोजता येईल असा. त्यात समितीचे नऊ जण उभे आहेत, सेक्रेटरी मधोमध, आणि खालच्या पट्टीत बसच्या तिकिटाएवढ्या अकरा बायका. आई अजून तिथेही काठापुरतीच आहे, पुढचीच्या खांद्यामागे. मी समितीशी भांडले, दोन वर्षं भांडते आहे.

आणि सरांचं असं झालं, की आपलं सगळ्यात मोठं चित्र भिंतीवर लागलेलं त्यांनी कधी बघितलंच नाही. बायकांची खोली, पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. चवथीच्या दिवशी आत बायका नेसत होत्या, उरलेल्या वेळी किल्ली आईकडे. आईने एकदा सकाळी उघडून देते म्हटलं, तर सरांनी नको म्हटलं. बायका नसताना त्या खोलीत जाऊन काय बघायचं, म्हणाले. मी फोटो काढून पाठवते म्हटलं त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आता ते चोपड्याला बहिणीकडे असतात, नदीवर जाळी टाकणाऱ्यांची पाठ रंगवत. काकी त्यांना अजून देवच म्हणते आणि कोकमं पाठवते. चवथ झाली की ते मला फोन करतात. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. थेट चित्राबद्दल. ओल आली का, कापड सैल पडलं का, उजेड कुठून येतो.

यंदा आईच्या निऱ्या धरायला मी त्या खोलीत गेले होते. आत तोबा गर्दी. फुगडी आटपून बायका घामाघूम परतल्या तेव्हाही मी तिथेच होते. पदर सोडताहेत, गजरे काढताहेत, नाचाची मोठी टिकली काढून घरची बारकी लावताहेत. आरसा एकच, त्यावर काकीचं राज्य. आईने कपाळावरची टिकली उचकटली, इकडेतिकडे न बघता हात मागे नेला आणि चित्रावर चिकटवली. मी जवळ जाऊन बघितलं. तिथे आधीच टिकल्या होत्या. एकेका फराट्यावर एकेक.

सरांचा फोन आला तेव्हा मी जरा भीतभीतच सांगितलं. त्यांच्या चित्राला कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

"टिकल्या?" ते म्हणाले. "कुठे लावतात?"

"कपाळावर."

"कपाळ मी काढलंच नव्हतं."

"त्यांना सापडलं, सर."

नदीवरचा वारा फोनात घोंघावत होता. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांना?"

"अकरा आहेत. मोजल्या मी. आईची मोठी लाल, डावीकडून तिसरी."

"तिसरी," सर म्हणाले. "बरोबर. वयनी तिसरीच."